डाएट सोडायचे आहे, पण मग खायचे कसे? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आहारसल्ल्याचे काम करताना हे प्रश्न माझ्याकडे पुन्हा पुन्हा येत राहिले आहेत. विचारणाऱ्यांपैकी बहुतेकांनी आयुष्यात तीन-चार तरी डाएट मनापासून केलेली असतात आणि प्रत्येक वेळी दोष स्वतःकडे घेतलेला असतो. एखाद्या मुद्द्याचे सविस्तर उत्तर एका ठिकाणी आले असेल, तर इतरत्र केवळ त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. डाएट सोडायचे म्हणजे वाटेल ते, वाटेल तेव्हा, वाटेल तेवढे खायचे का?

नाही. सोडायची आहे ती बाहेरून आलेली नियमावली: अमुक वाजल्यानंतर तोंड बंद, तमुक पदार्थ वर्ज्य, आज इतक्याच कॅलरी. काल तुम्ही दिवसभर बसून होतात की ओझी वाहत होतात, नुकताच ताप येऊन गेला आहे की पाळी जवळ आली आहे, याची त्या नियमांना गंधवार्ताही नसते. डाएट सोडणे म्हणजे काय, कधी आणि किती खायचे याचा निर्णय पुन्हा स्वतःच्या हाती घेणे, आणि तो घेताना भूक, तृप्ती, चव, प्रकृती आणि आपल्याला मिळणारा वेळ या सगळ्यांचा विचार करणे. सुरुवातीला वर्ज्य पदार्थच अधिक खाल्ले जाण्याचा एक काळ अनेकांच्या वाट्याला येतो, आणि त्याबद्दल प्रश्न ६ मध्ये लिहिले आहे. डॉक्टरांनी आजारासाठी सांगितलेले पथ्य मात्र या चर्चेत मोडत नाही. त्यासाठी प्रश्न ११ पाहावा.

२. डाएट केले की वजन कमी होते, हे मी स्वतः अनुभवले आहे. मग ते सोडायचे कशासाठी?

वजन कमी होते, यात शंका नाही. पहिल्या आठवड्यात काट्यावर दिसणारी मोठी घट बरीचशी पाण्याची असते, कारण यकृत आणि स्नायू यांमध्ये साठवलेल्या ग्लायकोजेनच्या (म्हणजे साखरेच्या साठ्याच्या) प्रत्येक ग्रॅमबरोबर साधारण तीन ग्रॅम पाणी असते आणि साठा संपला की तेही निघून जाते. पुढे चरबीही घटते. प्रश्न आहे तो नंतरच्या वर्षांचा. अमेरिकेतील २९ अभ्यास एकत्र तपासून २००१ मध्ये जो निष्कर्ष निघाला, त्यानुसार घटवलेल्या वजनापैकी पाच वर्षांनंतर सरासरी एक चतुर्थांशाहूनही कमी घट टिकून होती. बाकीचे वजन परत आले होते.

ते परत येते याची कारणे शरीरात आहेत. चरबीच्या पेशी लेप्टिन नावाचे संप्रेरक सोडतात आणि त्यावरून मेंदूला साठ्याचा अंदाज येतो. साठा घटला की लेप्टिन उतरते आणि जठरातून येणारे, भूक वाढवणारे घ्रेलिन चढते. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका ऑस्ट्रेलियन अभ्यासात दहा आठवड्यांच्या कडक डाएटनंतर एक वर्ष उलटून गेले, तरी हे बदल पूर्ववत झालेले नव्हते आणि लोकांना भूकही पूर्वीपेक्षा जास्त लागत होती. अमेरिकेतील वजन घटवण्याच्या एका दूरचित्रवाणी स्पर्धेतील १४ स्पर्धकांना सहा वर्षांनी तपासले, तेव्हा विश्रांतीच्या अवस्थेत त्यांचे शरीर अपेक्षेपेक्षा दिवसाला सुमारे ५०० कॅलरी कमी खर्च करत होते. म्हणजे भूक अधिक आणि खर्च कमी, असा दुहेरी पेच. तो वर्षानुवर्षे निव्वळ मनोनिग्रहावर सोडवणे फार थोड्यांना साधते, आणि ज्यांना साधत नाही त्यांच्या पदरी वजनाबरोबर अपराधीपणही पडतो.

३. डाएट मोडले की मी अक्षरशः अधाशासारखी खाते. माझ्यात संयमच नाही का?

हा प्रश्न सर्वाधिक वेळा येतो आणि तो विचारताना अनेकांचा आवाज खाली जातो. त्यामुळे उत्तर थोडे विस्ताराने देत आहे.

नोव्हेंबर १९४४ मध्ये अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठात अॅन्सेल कीज या शास्त्रज्ञांनी एक प्रयोग सुरू केला. युद्धात उपासमार झालेल्या लोकांना पुन्हा खाऊ कसे घालावे, हे समजून घेणे हा त्यामागचा हेतू होता. शस्त्र हाती घेण्यास नकार दिलेले ३६ निरोगी तरुण त्यात स्वेच्छेने सहभागी झाले. २४ आठवडे त्यांना गरजेच्या साधारण निम्मे, म्हणजे दिवसाला सुमारे १,६०० कॅलरींचे अन्न देण्यात आले. (आज सर्रास वाटली जाणारी कित्येक डाएटपत्रके याहून कमी आकडा सांगतात, हे लक्षात घ्यावे.) त्यांचे वजन चतुर्थांशाने घटले, पण नोंदींतील इतर गोष्टी मला अधिक बोलक्या वाटतात. पूर्वी स्वयंपाकात रस नसलेली ही मुले पाककृतींची पुस्तके जमवू लागली, ताटे चाटू लागली, एकेक जेवण लांबवत बसू लागली. त्यांना सतत थंडी वाजे, चिडचिड होई, अन्नाखेरीज दुसरा विषय सुचत नसे. बंधने उठल्यावर त्यांच्यापैकी काहींनी दिवसाला कित्येक हजार कॅलरी खाल्ल्या आणि तरीही आपली भूक भागत नाही, असे ते सांगत राहिले. ही सगळी निवडून घेतलेली, मनाने खंबीर माणसे होती.

दुसरा भाग मनाचा आहे. १९७५ च्या एका प्रयोगात तरुणींना आधी मिल्कशेक पाजून नंतर आइस्क्रीम हवे तेवढे खाण्याची मुभा दिली होती. ज्या एरवी मोकळेपणाने खात, त्यांनी मिल्कशेकनंतर आइस्क्रीम कमी खाल्ले. ज्या सतत खाणे आवरत असत, त्यांनी मात्र मिल्कशेक प्यायल्यावर उलट जास्त खाल्ले. नियम मोडलाच आहे, तर आज खाऊन घेऊ, उद्यापासून पुन्हा कडक राहू, हा तो विचार. सोमवारपासून सुरू होणारे प्रत्येक डाएट रविवारी रात्रीच्या अशा जेवणाला जन्म देते. आठवड्यातून एक दिवस सूट देणारे ‘चीट डे’ही याच चक्राचा भाग आहेत.

तेव्हा ज्याला तुम्ही संयमाचा अभाव म्हणता, ती बहुतेक वेळा उपाशी ठेवलेल्या शरीराची आणि मन मारून जगणाऱ्या माणसाची अगदी अपेक्षित प्रतिक्रिया असते.

४. सुरुवात नेमकी कोठून करावी?

पुरेसे आणि वेळेवर खाण्यापासून. ‘शरीराचे ऐका’ हा सल्ला पहिल्याच दिवशी दिला जातो, आणि माझ्या मते तेथेच चूक होते. वर्षानुवर्षे भूक दाबलेल्या माणसाला एकतर काहीच ऐकू येत नाही, नाहीतर एकदम पोटात कावळे ओरडू लागतात. म्हणून पहिले काही आठवडे दिवसातून तीन जेवणे आणि एक-दोन मधली खाणी ठरवावीत, दोहोंमध्ये साधारण तीन ते चार तासांपेक्षा जास्त अंतर पडू देऊ नये, आणि आदल्या रात्री जास्त खाल्ले गेले असले तरी सकाळचे खाणे टाळू नये. ही शेवटची अट पाळणे सर्वांत जड जाते आणि उपयोगही तिचाच सर्वाधिक होतो, कारण सकाळचा उपवास हीच पुढच्या रात्रीच्या खा-खाची तयारी असते.

५. मला भूक लागल्याचे आणि पोट भरल्याचे कळतच नाही. ते परत कळू लागेल का?

बहुतेकांना कळू लागते; त्याला काही महिने लागू शकतात. भूक केवळ पोटात गुरगुरण्यातून कळते, असेही नाही. कामात लक्ष न लागणे, क्षुल्लक गोष्टीवरून वैतागणे, डोके जड होणे, स्वयंपाकघरात उगाच दोन फेऱ्या मारणे, ही भुकेचीच रूपे असू शकतात. जेवणाच्या मध्यावर एकदा घास खाली ठेवून चव अजून तितकीच लागते आहे का, हे पाहावे. पोट भरत आले की पहिल्या घासाची गोडी उरत नाही. हे निरीक्षण करायचे आहे, परीक्षा द्यायची नाही. ‘भूक असेल तरच खायचे आणि पोट भरले की थांबायचे’ याचाही कडक नियम केला, तर ते नव्या नावाचे डाएटच होते. पुढे चार तासांची बैठक असेल, तर भूक नसतानाही आधी खाऊन घेणे शहाणपणाचे आहे.

झोप अपुरी असेल, तर घ्रेलिन वाढते, लेप्टिन घटते आणि भुकेचा अंदाज चुकतो. हे आधी तपासून पाहावे. स्त्रियांची पाळी सलग तीन महिने आली नसेल आणि गर्भधारणा नसेल, तर शरीराला अन्न कमी पडत असण्याची शक्यता असते. खूप व्यायाम करणाऱ्यांमध्ये हे विशेष आढळते. अशा वेळी वाट न पाहता डॉक्टरांना भेटावे.

६. ज्या पदार्थापुढे माझा ताबा सुटतो, तो घरात कसा आणून ठेवू?

एका वेळी एकच पदार्थ निवडावा, तो पुरेसा आणावा, पोट रिकामे नसताना, बसून, ताटलीत घेऊन खावा, आणि संपला की पुन्हा आणावा. सवयीने नवलाई ओसरते, हे प्रयोगांतही दिसले आहे: २०११ च्या एका अभ्यासात चीज घातलेला तोच मॅकरोनीचा पदार्थ काही स्त्रियांना लागोपाठ पाच दिवस आणि काहींना आठवड्यातून एकदा असा पाच वेळा दिला, तेव्हा रोज खाणाऱ्यांचे खाणे उतरत गेले. पदार्थ मात्र खरोखरच मोकळा असायला हवा. ‘या आठवड्यापुरता खाते, मग बंद’ असे मनाच्या कोपऱ्यात असेल, तर ती साठेबाजीच होते.

माझ्या बाबतीत तो पदार्थ म्हणजे बिस्किटे. रात्री अकराच्या सुमारास, स्वयंपाकघरातला दिवा न लावता, कागदाचा आवाज होऊ नये म्हणून पुडा बोटांनी दाबून धरत मी ती उभ्यानेच खात असे. चौथे गिळण्याआधी पाचवे हातात असे आणि चव कोणत्याच बिस्किटाची लक्षात राहत नसे. मी दिवा लावून, खुर्चीवर बसून, सर्वांसमोर ती खाऊ लागले तेव्हा पहिले दोन आठवडे रोज पुडा संपत होता आणि मी घाबरले होते. साधारण दोन महिन्यांनी एकदा डबा उघडला, तर आतली बिस्किटे सादळलेली होती. बिस्किटे सादळेपर्यंत माझ्या घरात टिकली, हे तोवर कधीच घडले नव्हते. हातात एक मऊ पडलेले बिस्किट घेऊन मी बराच वेळ उभी होते.

सर्वांनाच दोन महिन्यांत हे जमेल असे नाही, आणि ज्यांना खाण्याचा मानसिक आजार आहे त्यांनी हा प्रयोग एकट्याने करू नये (प्रश्न १३).

७. भूक नसते, पण ताण आला की हात खाण्याकडे जातो. याचे काय करावे?

आधी खरोखरच भूक नाही ना, याची खात्री करावी, कारण ‘भावनिक खाणे’ म्हणून सांगितल्या जाणाऱ्या पुष्कळ प्रसंगांत दुपारचे जेवण झालेले नसते. जेवण नीट झालेले असूनही ओढ वाटत असेल, तर खाण्याने मिळणारा दिलासा खरा असतो, तो नाकारण्यात अर्थ नाही. अडचण तेव्हा होते, जेव्हा दिलासा मिळवण्याचा तो एकच मार्ग उरतो. कोणाशी बोलणे, रडू येऊ देणे, अर्धा तास पडून राहणे, ज्या कामाने जीव मेटाकुटीला आला आहे त्याला नकार देणे, असे आणखी दोन-तीन मार्ग हळूहळू जोडावेत. खाण्याचा मार्ग आधीच बंद करून इतर मार्ग शोधायला निघू नये.

८. एवढे मोकळेपण दिले, तर पोषणाचा विचार कधी करायचा?

तो शेवटी करायचा. शरीराचे संकेत ओळखून खाण्याच्या ज्या पद्धतीला ‘इंट्युइटिव्ह ईटिंग’ म्हणतात, तिची दहा तत्त्वे १९९५ मध्ये दोन अमेरिकी आहारतज्ज्ञ स्त्रियांनी मांडली आणि त्यांत पोषणाला दहावे स्थान दिले, ते विचारपूर्वक. मन अजून नियमांच्या धाकात असताना ‘भाज्या खाव्यात’ हे वाक्यही ‘भाज्याच खाव्यात’ असे ऐकू येते. धाक ओसरला की पोषणाकडे भर घालण्याच्या दृष्टीने पाहता येते: या जेवणात प्रथिने आहेत का, चोथा आहे का, रंगीत भाजी किंवा फळ आहे का. अन्नाचा प्रकार महत्त्वाचा आहेच. अमेरिकेत २०१९ मध्ये २० जणांना दोन आठवडे अतिप्रक्रिया केलेले आणि दोन आठवडे साधे अन्न हवे तेवढे खायला दिले, तेव्हा अतिप्रक्रिया केलेल्या अन्नावर असताना ते दिवसाला सुमारे ५०० कॅलरी जास्त खात होते. घरात साधे अन्न सहज हाताला लागेल अशी व्यवस्था ठेवण्यासाठी हे कारण पुरेसे आहे. पाकिटातला पदार्थ पाप ठरवण्यासाठी नाही.

९. खरे सांगा, माझे वजन वाढेल का?

वाढू शकते. काहींचे वाढते, काहींचे घटते, बऱ्याच जणांचे काही काळ वरखाली होऊन एका ठिकाणी स्थिरावते. तुमचे काय होईल, हे आधी सांगता येत नाही. डाएटमुळे वजन त्याच्या स्वाभाविक पातळीच्या खाली दाबून ठेवलेले असेल, तर ते वाढण्याची शक्यता अधिक असते. ‘डाएट सोडा आणि बारीक व्हा’ असे आश्वासन कोणी देत असेल, तर ते डाएटच विकत आहे असे समजावे. वजन वाढण्याची भीती मात्र क्षुल्लक नाही. जाड माणसाला समाज कसे वागवतो हे पाहिलेल्या कोणालाही ती वाटणारच, आणि ती वाटत असतानाही नीट जेवता येते.

१०. वजन करणे बंद करावे का? आणि घरच्यांच्या बोलण्याचे काय?

सकाळचा आकडा पाहून तुमचे दिवसभराचे खाणे किंवा मनःस्थिती ठरत असेल, तर काही महिने काटा दृष्टीआड करावा. पाणी, मीठ, पाळी आणि पोट साफ होणे न होणे, एवढ्यानेही वजन एका दिवसात किलो-दीड किलो इकडेतिकडे होते. हृदय निकामी होण्यासारख्या आजारात डॉक्टरांनी रोज वजन करायला सांगितले असेल, तर ते अवश्य करावे.

घरच्यांसाठी एकच वाक्य ठरवून ठेवणे सोपे जाते. ‘अंगाने भरलीस हं’ असे कोणी म्हटले की ‘मावशी, माझ्या वजनावर बोलायचे नाही असे मी ठरवले आहे, बाकी काहीही विचारा’ असे शांतपणे सांगावे आणि विषय बदलावा. ‘किती बारीक झालीस, छान दिसतेस’ या कौतुकालाही तेच उत्तर द्यावे. हे मला अधिक महत्त्वाचे वाटते, कारण टोमण्यापेक्षा कौतुकानेच माणूस पुन्हा डाएटकडे वळतो.

११. मला मधुमेह आहे. मला हे सगळे लागू होते का?

मोठा भाग लागू होतो, काही भाग नाही. इन्सुलिन किंवा सल्फोनिलयुरिया गटातील गोळ्या चालू असतील, तर जेवणाची वेळ आणि त्यातील कर्बोदकांचे प्रमाण अचानक बदलल्याने साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते. कोणताही बदल डॉक्टरांशी बोलूनच करावा. प्रश्न ४ मधील नियमितपणा मात्र मधुमेहातही हिताचा आहे.

आणखी एक गोष्ट येथे सांगितलीच पाहिजे. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ब्रिटनमधील एका चाचणीत, निदान होऊन सहा वर्षांहून कमी काळ झालेल्या टाइप २ मधुमेहींना वैद्यकीय देखरेखीखाली दिवसाला सुमारे ८५० कॅलरींचा आहार काही महिने देण्यात आला. एक वर्षाने त्यांपैकी ४६ टक्के जणांची साखर औषधांशिवाय मधुमेहाच्या पातळीखाली होती. दुसऱ्या वर्षाअखेर हे प्रमाण ३६ टक्के होते. हा पुरावा दडवून डाएटविरुद्ध बोलणे मला अप्रामाणिकपणाचे वाटते. डॉक्टरांनी हा मार्ग सुचवला आणि तुम्ही समजून-उमजून स्वीकारला, तर त्यात पराभव नाही. पूर्वी खाण्याचा मानसिक आजार झाला असेल, तर ते डॉक्टरांना आधी सांगावे.

सिलिअॅक आजारात ग्लूटेन (गव्हासारख्या धान्यांतील प्रथिन), अॅलर्जीत तो विशिष्ट पदार्थ आणि मूत्रपिंडाच्या आजारात सांगितल्यास पोटॅशियम किंवा मीठ टाळणे हे पथ्य आहे. ते पाळावेच, त्या चौकटीत जे खाता येते, ते पोटभर आणि चवीने खावे.

१२. मी भूक कमी करणारे इंजेक्शन घेतो. भूकच लागत नसेल, तर तिचे ऐकायचे कसे?

सेमाग्लुटाइडसारखी औषधे चालू असताना भुकेवर विसंबू नये. घड्याळ पाहून खावे आणि प्रत्येक वेळी प्रथिने पोटात जातील असे पाहावे, कारण वजन घटताना स्नायूही घटतात. औषध थांबवल्यावर काय होते, याचीही कल्पना असावी: एका मोठ्या चाचणीच्या पाठपुराव्यात औषध बंद केल्यानंतर वर्षभरात घटलेल्या वजनापैकी सुमारे दोन तृतीयांश वजन परत आले. तेव्हा परत येणारी भूक पाहून स्वतःला दोष देऊ नये. औषध बंद करण्याचा निर्णय डॉक्टरांबरोबरच घ्यावा.

१३. मला कदाचित खाण्याचा आजार असावा. हे वाचून मी स्वतःच सुधारू शकेन का?

हे वाचून थांबू नये, मनोविकारतज्ज्ञांना भेटावे. अॅनोरेक्सियात, म्हणजे वजनाच्या भीतीने खाणे टाळत राहण्याच्या आजारात, भुकेची जाणीव भरवशाची राहत नाही, म्हणून उपचारात बराच काळ ठरवून दिलेले खाणेच खावे लागते. फार काळ उपाशी राहिलेल्या व्यक्तीने एकदम भरपूर खाणेही धोक्याचे असते, कारण रक्तातील फॉस्फेट झपाट्याने उतरून हृदयावर परिणाम होऊ शकतो; ही सुरुवात वैद्यकीय देखरेखीखालीच व्हायला हवी. खाऊन उलटी काढण्याची किंवा जुलाबाची औषधे घेण्याची सवय असेल, तर पोटॅशियम घटून हृदयाचे ठोके बिघडू शकतात. ताबा सुटून थोड्या वेळात भरमसाट खाणे, ते लपवणे आणि नंतर स्वतःची किळस वाटणे, हे तीन महिने आठवड्यातून एकदा तरी होत असेल, तर त्यालाही २०१३ पासून स्वतंत्र आजार म्हणून मान्यता आहे आणि त्यावर चांगले उपचार आहेत. वजन ‘सामान्य’ असले, तरी हे सगळे आजार असू शकतात.

१४. माझ्या मुलांपर्यंत हे पोचू नये म्हणून काय करू?

एलिन सॅटर या अमेरिकी आहारतज्ज्ञांनी केलेली वाटणी मला सर्वांत उपयोगी वाटते: काय, कधी आणि कोठे खायचे हे मोठ्यांनी ठरवावे, खायचे की नाही आणि किती, हे मुलाने. गोड पदार्थ कुलपात ठेवल्याने त्यांची ओढ वाढते, हे १९९९ मध्ये लहान मुलांवरील प्रयोगांत दिसले आहे. मुलांसमोर स्वतःच्या पोटाला चिमटा काढून नाक मुरडणे आधी थांबवावे.

१५. आईचे वय ७६ आहे. जन्मभर तिने डाएट केले, आता ती दोन घास खाऊन ‘बरंच आहे की, बारीक झाले’ म्हणते. तिला तिच्या मनाप्रमाणे खाऊ द्यावे का?

येथे भूक ही चांगली मार्गदर्शक नाही. वाढत्या वयात भूक, तहान आणि वास-चवीची जाणीव मंदावते, आणि या वयात घटणारे वजन म्हणजे बहुधा घटणारे स्नायू असतात, ज्यांवर उठणे, चालणे आणि न पडणे अवलंबून असते. प्रयत्न न करता सहा महिने ते वर्षभरात वजन पाच टक्क्यांहून अधिक घटले असेल, म्हणजे ६० किलोची व्यक्ती ५७ च्या खाली आली असेल, तर तपासणी करून घ्यावी. दात, गिळण्याचा त्रास, नैराश्य, थायरॉइड किंवा चालू असलेली औषधे, यांपैकी काहीही कारण असू शकते. तोवर ताट मोठे करण्यापेक्षा खाण्याच्या वेळा वाढवाव्यात, तिला आवडते ते अधिक सकस करून द्यावे आणि शक्य असेल तेव्हा तिच्याबरोबर जेवायला बसावे, कारण एकटे बसले की दोन घास दोनच राहतात.